कुरडयांचा गहू भिजला आणि मिक्सर अडला: उन्हाळी कामाच्या नोंदी

काम: १० किलो लोकवन गव्हाच्या कुरडया, घरच्या ७५० वॉटच्या मिक्सरवर वाटून. गाव आर्वी तालुक्यातलं, जिल्हा वर्धा. अंदाज सहा दिवसांचा होता, लागले तेरा. मिक्सरच्या दुरुस्तीला ३४५ रुपये गेले, त्यातले १०० गरज नसताना. ज्यांना घरच्या मिक्सरवर एवढं काम काढायचं आहे त्यांनी १४ ते १६ एप्रिलच्या नोंदी आधी वाचाव्या, मग गहू भिजवावा.

११ एप्रिल, संध्याकाळी ७

गहू निवडून, चाळून, दोनदा धुऊन दोन गंजांत, म्हणजे मोठ्या पातेल्यांत, भिजत घातला. प्रत्येक गंजात ५ किलो, वर चार बोटं पाणी. भिजून गहू दीडपटीच्या वर जातो, म्हणून गंज अर्धाच भरावा. जागा स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या भिंतीला, रांजणाशेजारी. घरातलं तापमान रात्री आठला ३४ अंश.

आपल्याकडे सगळ्या सांगतात की तीन दिवस भिजवायचं, चौथ्या दिवशी वाटायचं. आम्हीही तेच धरून चाललो. हा हिशेब होळीच्या आसपासच्या हवेचा आहे, एप्रिलच्या मध्याला तो लागू पडत नाही. हे पुढे कळलं.

१२ आणि १३ एप्रिल

सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. बदलताना जुनं पाणी पूर्ण काढायचं, गहू हाताने खालीवर करून एकदा खळबळून घ्यायचा, मगच नवं पाणी. नुसतं वरचं पाणी ओतून दिलं तर तळातला गहू तसाच आंबत राहतो. १३ तारखेला संध्याकाळी पाण्यावर बारीक फेस आणि हलका आंबूस वास. शेजारच्या काकूंनी चार दाणे बोटांत दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "झाला वं हा गहू, दूध निंगून राह्यलं. उद्याची वाट काहून पायता?" त्यांचं ऐकून त्याच रात्री वाटायला हवं होतं. तेव्हा ४८ तास झाले होते.

परीक्षा हीच खरी: दाणा चिमटीत दाबला की साल एका बाजूला आणि पांढरं दूध दुसऱ्या बाजूला यायला पाहिजे. दाण्याच्या मध्ये टणक कणी लागली तर अजून वेळ आहे. दिवस मोजण्यापेक्षा दर सहा तासांनी दाणा दाबून पाहावा.

१४ एप्रिल

सकाळी ७ ला वाटायला घेतलं. भिजून ६० तास. दीड लिटरच्या भांड्यात दोन वाट्या गहू आणि एक वाटी पाणी, असा एक घाणा. सलग फिरवायचं नाही, बटण उलट बाजूला दाबून झटके द्यायचे, साधारण दीड मिनिट. फार बारीक वाटलं की कोंड्याचे बारीक तुकडे फडक्यातून चिकात, म्हणजे गाळलेल्या गव्हाच्या दुधात, उतरतात आणि कुरडई मातकट दिसते. साल फुटली, दूध सुटलं, एवढं पुरे.

वाटलेलं धुतलेल्या जुन्या धोतरात घालून पाण्याच्या पातेल्यात चोळून पिळायचं. तीन पाणी घ्यायचे. तिसऱ्या पिळणीला पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसलं की थांबायचं.

१५ घाणे झाले, म्हणजे ३ किलो गहू. सोळाव्याला मिक्सर घुंईं करून थांबला. खालचं लाल बटण बाहेर आलं होतं. हे बटण जास्त भार आला की मोटर वाचवण्यासाठी सुटतं. दहा मिनिटं थंड होऊ दिलं, बटण दाबलं, पुन्हा लावलं, दहा सेकंदांत पुन्हा सुटलं. असं चारदा केलं. ही पहिली चूक. बटण दुसऱ्यांदा सुटलं म्हणजे कुठेतरी काहीतरी अडलेलं आहे, ते शोधल्याशिवाय तिसऱ्यांदा दाबू नये. चौथ्या खेपेला भांड्याखाली टरटर आवाज आला आणि रबराचा जळका वास. मिक्सरवरचा कप्लर, म्हणजे भांड्याला फिरवणारं दातेरी चाक, त्याचे चारही दाते सोलून निघाले.

व्होल्टेज तपासलं. संध्याकाळी सातला मल्टिमीटरवर १७४. आम्ही ठरवलं की दोष विजेचा. व्होल्टेज कमी असलं की मोटर मंद फिरते, आतला पंखाही मंद फिरतो, मग ती तापते, हे खरंच आहे. पण सकाळी सातला वाटायला घेतलं तेव्हा व्होल्टेज किती होतं ते मोजलंच नव्हतं, आणि बटण सकाळी सुटलं होतं. संध्याकाळच्या आकड्यावरून सकाळचा निकाल लावला.

उरलेला ७ किलो भिजलेला गहू तसाच. ३ किलोचा चिक गाळून रात्रभर निवळायला ठेवला.

१५ एप्रिल

पहाटे साडेपाचला व्होल्टेज २२९. तरीही भांडं लावून मिक्सर चालेना. कप्लर नव्हताच म्हणा, पण कप्लरचे उरलेले बुंधे अडकवून पाहिले तर पुन्हा घुंईं.

मोटर उघडली. प्लग काढून, मिक्सर उलटा करून, रबरी पायांच्या आतले चार स्क्रू. खालची झाकणी हळू उचलायची, तिला स्विचच्या वायरी असतात. दोन्ही बाजूंना कार्बन ब्रश असतात, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे, स्प्रिंगच्या टोपणात. एक ५ मिमी, दुसरा ६ मिमी उरलेला. ते संपत आलेले दिसले आणि आम्हाला वाटलं, सापडलं. तालुक्याला जाणाऱ्या माणसाबरोबर जुना कार्बन नमुना म्हणून पाठवला. मापाचे डझनभर प्रकार असतात, नुसतं मिक्सरचं नाव सांगून मिळत नाही. जोडी ६० रुपये, कप्लर ४० रुपये. दुपारी तीनला हातात आलं.

नवे कार्बन बसवण्याआधी आतला तांब्याचा दातेरी गोल भाग पुसावा, त्याला दुकानदार कॉम्युटेटर म्हणतात. काळा पडला असेल तर शून्य नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवायचा. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण वीज वाहतात आणि दोन पट्ट्यांमध्ये अडकले की ठिणग्या उडतात. पट्ट्यांमधल्या खाचांतली काजळी सुईने काढायची.

जुना कप्लर काढताना अर्धा तास गेला, कारण उलट्या दिशेने जोर लावत होतो. नियम असा: मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवला की कप्लर सुटतो. खालून मोटरचा दांडा फडक्यात धरून पकडीने आवळून ठेवायचा आणि वर कप्लर फिरवायचा. हातोडी मारू नये, दांडा वाकला तर मोटरच गेली.

सगळं जोडलं. भांडं न लावता चालवलं, छान फिरला, ठिणगी अगदी बारीक. भांडं लावलं. घुंईं. बटण सुटलं. नव्या कप्लरचे दाते सोलले.

आता खरी चूक लिहितो. भांडं रिकामं करून पातं हाताने फिरवून पाहायचं होतं. ते काम १४ तारखेला सकाळी दहा सेकंदांत झालं असतं. आज संध्याकाळी सहाला केलं, तर पातं जागचं हलेना. मोटरला काहीच झालं नव्हतं. मिक्सर अडला की पहिलं पातं हाताने फिरवा, फडकं गुंडाळून, मग बाकीचं. एवढं एक केलं असतं तर कार्बनचे ६० आणि एका कप्लरचे ४० रुपये वाचले असते. त्याहून मोठं म्हणजे दोन दिवस वाचले असते आणि गहू आंबला नसता.

पातं का अडलं: भांड्याच्या तळाशी पात्याचा दांडा पितळी बुशातून, म्हणजे छोट्या नळीतून, जातो, वर रबरी सील असतं. सील झिजलेलं होतं. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या चिकाचं पाणी तिथून बुशात उतरलं, वाळलं आणि घट्ट बसलं.

मग दुसरी चूक. ते सैल करायला भांड्यात उकळतं पाणी ओतलं. गव्हाचा चिक गरम पाण्यात शिजतो, त्यावरच तर कुरडई होते. बुशात वाळलेल्या चिकाची तिथल्या तिथे खळ झाली आणि दांडा आणखी घट्ट बसला. साधं थंड पाणी घालून भांडं रात्रभर भिजत ठेवायला पाहिजे. रात्री तेच केलं.

गव्हाला आज पूर्ण ९६ तास. दर चार तासांनी माठाचं पाणी बदलत होतो. वास आता स्पष्ट आंबट.

इकडे कालचा ३ किलोचा चिक खाली बसला होता. वरचं पिवळसर पाणी ओतलं. त्याखाली करड्या रंगाचा चिकट थर असतो, तो पळीने अलगद काढून टाकला. तो राहिला की कुरडई काळपट होते आणि तळल्यावर फुलत नाही. खाली पांढरा घट्ट चिक, मापून २ लिटर. आज मिक्सरपायी हाटायला, म्हणजे उकळत्या पाण्यात ढवळत शिजवायला, वेळ नव्हता, म्हणून वर ताजं पाणी घालून ठेवला.

१६ एप्रिल

सकाळी पातं हातानं चौथाई फिरलं, थोडं पुढेमागे करत अर्ध्या तासात मोकळं झालं. पण दांडा बुशात डगडगत होता. असं डगडगणारं भांडं पुन्हा गळणारच. भांडं घेऊन आर्वीला. बुश, दांडा, सील असा संच १४० रुपये, बसवायची मजुरी ६५. आणखी एक कप्लर ४०. बुश घरी ठोकून बसवू नये, तो तिरका गेला की पातं भांड्याला घासतं. दुकानात दाबयंत्र असतं.

दुकानात बुशाला ग्रीस भरतात. खाण्याच्या भांड्याला ते नको म्हणून आधीच सांगावं. खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात.

दुपारी दोनला परत. वाटायला घेतलं. आता दर सहा घाण्यांनंतर पंधरा मिनिटं विश्रांती. बहुतेक घरगुती मिक्सरच्या मागच्या पट्टीवर ३० मिनिटांचं रेटिंग लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं थांबायचं, असं अर्धा तास. नंतर पूर्ण थंड होऊ द्यायचा. १४ तारखेला आम्ही १५ घाणे न थांबता काढले होते.

पहिल्या घाण्यात काळी रेघ दिसली. दुकानातल्या हाताळणीत बुशावर ग्रीस राहिलं होतं. तो घाणा, भिजलेला जवळपास ३०० ग्रॅम (कोरडा २००), फेकला. नवं बुश बसवल्यावर आधी नुसतं पाणी आणि मूठभर तांदूळ घालून दोनदा फिरवून ओतून द्यावं. हे कोणी सांगितलं नाही.

उरलेला गहू रात्री दहापर्यंत वाटून गाळून झाला.

चोथ्याबद्दल: ढोरांना घातला, पण कुटारात (भुशात) मिसळून आणि थोडाथोडा, दोन दिवसांत वाटून. एका वेळी घमेलंभर आंबलेला चोथा घातला तर जनावराला अपचन होतं, पोट फुगतं. बाकीचा खताच्या खड्ड्यात.

१७ एप्रिल

सकाळी १४ तारखेचा २ लिटर चिक आधी हाटला, कारण त्यावरचं पाणीही आंबायला लागलं होतं. प्रमाण: चिक २ लिटर, पाणी २ लिटर, मीठ सपाट ४ चमचे म्हणजे सुमारे २२ ग्रॅम, हिंग पाव चमचा, तेल २ चमचे. मीठ चाखून थोडं कमीच लागलं पाहिजे. वाळल्यावर पाणी जातं, मीठ तेवढंच राहतं.

पाणी खळखळ उकळलं की चिकाची धार एकाने धरायची आणि दुसऱ्याने लाकडी दांड्याने न थांबता हाटायचं. हे काम एकट्याचं नाही. चूल अंगणात होती, जळण पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचं. पऱ्हाटी एकदम भडकते आणि तितक्याच लवकर विझते. धार धरलेली असताना जाळ भडकला, तळाला चिक एकदम शिजला आणि सुपारीएवढ्या गाठी झाल्या. वरून पाणी घालून त्या फुटत नाहीत. गाठीच्या बाहेरून कातडं शिजलेलं असतं, आत कच्चा चिक. गंज उतरवला, गाठी झाऱ्याने वेचल्या, ताटात पावभाजीच्या मॅशरने दाबून परत टाकल्या. पाऊणएक किलो गाठी निघाल्या. निम्म्या विरघळल्या, उरलेल्या सोऱ्याच्या चकतीत अडकत होत्या म्हणून काढल्या. पुढच्या वेळेपासून बाभळीच्या लाकडाचा जाळ करून घेतला आणि चिक ओतताना दोन लाकडं मागे ओढली.

शिजलं कधी समजायचं: पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येते, दांड्याला गोळा धरतो, ओल्या बोटाला चिकटत नाही. थेंबभर गार पाण्यात टाकला तर न विरघळता गोळी राहते. त्यानंतर झाकण ठेवून निखाऱ्यावर दहा मिनिटं वाफ.

घालताना गरमच घालायचं. पितळी सोऱ्याला आतून तेल, मधली चकती. गंज निखाऱ्यावरच ठेवून एकेक गोळा काढायचा. गोळा निवला की सोऱ्याचा आटा जोर मारूनही फिरत नाही आणि फिरला तर तार तुटक येते. प्लास्टिकवर घातल्या, वरून जुनी साडी आडवी बांधून सावली दिली ती फक्त पहिला तासभर. ४१-४२ अंशाच्या उन्हात एकदम उघड्या ठेवल्या की वरचा पदर कडक होतो, तडे जातात आणि उचलताना चुरा होतो.

१८ एप्रिल

आंबट गव्हाचा चिक. वास चांगलाच आंबट, रंग किंचित तांबूस. तो टाकून द्यायच्या बेतात होतो, पण धुऊन पाहिलं: वरचं पाणी ओतलं, तेवढंच स्वच्छ पाणी घातलं, तळापासून ढवळलं, सहा तास निवळू दिलं. असं तीनदा. तिसऱ्या धुण्यानंतर आंबटपणा जवळपास गेला. रंग पूर्ण गेला नाही. प्रत्येक धुण्यात थोडा चिक पाण्याबरोबर जातो, ते धरूनच चालावं. बुरशी, काळे-हिरवे ठिपके किंवा सडका वास असेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नये, सरळ टाकावा.

१९ ते २१ एप्रिल

१९ ला पहाटे दुसरा चिक हाटला. बाभळीचं लाकूड, गाठ एकही नाही. धुतलेला चिक पातळ होता, म्हणून पाणी पाऊणपट घेतलं.

२० ला दुपारी साडेतीनला धूळवारा आणि मग वीस मिनिटं पाऊस. अर्ध्या वाळलेल्या कुरडया प्लास्टिकसकट ओढून ओसरीत आणल्या, पण दोन प्लास्टिकांवरच्या भिजल्या. भिजलेल्या एकावर एक ठेवायच्या नाहीत, चिकटून लगदा होतो. बाजेवर सुतळीच्या जाळीत मोकळ्या पसरल्या, पंखा लावला. वरची धूळ ओली असताना पुसायची नाही, वाळल्यावर कोरड्या ब्रशने झाडली की निघते. साधारण चाळीस कुरडयांवर बारीक माती बसूनच राहिली, त्या वेगळ्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी उलटवून पुन्हा ऊन.

२३ एप्रिल

वजन केलं. वेळेत वाटलेल्या ३ किलो गव्हाच्या १ किलो १०० ग्रॅम (गाठी गेल्या नसत्या तर सव्वा किलो भरल्या असत्या). उशिरा वाटलेल्या ६ किलो ८०० च्या फक्त २ किलो. गहू सारखाच, शेत सारखंच. फरक दोन दिवस जास्त भिजल्याचा आणि तीन धुण्यांचा.

वाळली का हे वजनावरून नाही कळत. मधली, जाड जागा मोडून पाहायची. टक्कन तुटली पाहिजे. वाकून तुटली तर आत ओल आहे आणि डब्यात महिन्याभरात बुरशी येणार.

२५ ते २९ एप्रिल, दुसरी खेप

५ किलोच गहू घेतला. घरच्या मिक्सरला एका खेपेला एवढाच पुरे, त्यापुढे हाव करू नये. भिजवण्याआधी भांड्याचं पातं हाताने फिरवून पाहिलं, सील पाहिलं, कप्लर पाहिला. २५ ला पहाटे भिजत घातला, दिवसातून तीनदा पाणी. ४६ तासांनी, २७ ला पहाटे तीनला, दाण्यातून दूध आलं. व्होल्टेज चांगलं असताना, चार ते सात, वाटून मोकळं. बटण एकदाही सुटलं नाही. काम झाल्या झाल्या भांड्यात गार पाणी घालून दोन मिनिटं फिरवलं, उलटं ठेवलं, बुशात चिक वाळू दिला नाही.

२८ ला हाटून घातल्या, २९ ला संध्याकाळी कडकडीत. २ किलो १५० ग्रॅम.

१० मे

तिन्ही डब्यांतल्या कुरडया एकाच कढईत, एकाच तेलात तळून पाहिल्या. तेल पुरेसं तापलं आहे का ते कुरडईचा तुकडा टाकून पाहावं, दोन सेकंदांत फुलून वर आला पाहिजे.

दुसऱ्या खेपेच्या पांढऱ्या, आकाराने तिप्पट. १४ तारखेच्या जवळपास तशाच, रंग जरा कमी. आंबट गव्हाच्या फुलतात, पण दुपटीच्या आत, तांबूस राहतात आणि खाताना शेवटी किंचित आंबट चव येते. त्या फोडणीच्या भाजीला वापरतो आहोत, कांदा-लसूण घालून, तिथे आंबटपणा जाणवत नाही. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: भिजवल्याचे तास, वाटल्याची तारीख. नवीन सील अजून कोरडं आहे. पावसाळ्यात उडदाचं वाटण सुरू होण्याआधी एकदा भांडं उलटं करून पाहायचं.